टाकी फुल्ल

आमच्या दाजींच्या पिकअपच्या डिझेल टाकीला भोक आहे, हे उजेडात यायला विधानसभेची निवडणूक यावी लागली. भोक त्याआधीही असणारच. पण ते होतं टाकीच्या निम्म्याच्या वर, आणि दाजींचं डिझेल तिथवर कधी पोचलंच नव्हतं. दाजी टाकी लिटरमध्ये मोजत नाहीत, रुपयांत मोजतात. "गाडीत किती हाय?" विचारलं तर "सातशे" म्हणतात. जून २०१७ पासून पंपावरचा भाव रोज ठरायला लागला, तेव्हापासून सातशेत मार्केट यार्डाला जाऊन येणं बसतं का, हा हिशेब दाजी स्टेअरिंगवर बोटं वाजवत नव्याने करतात. हजाराच्या वरची रक्कम रात्रभर उघड्यावर उभी करणं त्यांच्या जिवाला पटत नाही.

त्या निवडणुकीत एका उमेदवाराने गाडी प्रचाराला लावली. हौद्यात जनरेटर, केबिनवर दोन भोंगे, आणि पहिल्याच सकाळी पंपावर उमेदवाराचा माणूस खिडकीतून हात काढून म्हणाला, "फुल्ल कर." पंपावरच्या पोराने दाजींकडे बघितलं. त्यानेही या गाडीबद्दल असलं काही पूर्वी ऐकलं नव्हतं. दुपारी गाडी उमेदवाराच्या दारात उभी होती, आत कार्यकर्त्यांची पंगत बसली होती आणि बाहेर फरशीवरून डिझेलचा ओघळ तुळशीकट्ट्याच्या दिशेने निघाला होता. विरोधी गटाच्या पोरांनी त्या डागाचा फोटो काढला, खाली "गळतीला सुरुवात" एवढंच लिहिलं आणि गावभर पाठवून दिला. उमेदवार पुढे पडला. काही जाणकार त्याचं खापर अजून टाकीवर फोडतात.

गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एक तर बिचाऱ्या कंपनीचा यात काडीचा दोष नाही. आणि दुसरं म्हणजे २००३ च्या या गाडीत कंपनीचं असं आता फारसं काही उरलेलंही नाही. डावा दरवाजा दुसऱ्या गाडीचा, हौदा उद्यमनगरात बांधून घेतलेला, हॉर्न एका दहाचाकी ट्रकचा. कागदावर मात्र ती एमएच-०९ ची तीच गाडी आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेससाठी दरसाल पासिंगला उभं राहावं लागतं, तशी ती राहते, पर्यावरण कर भरते, आणि हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावरून गुळाचे रवे भरून शाहू मार्केट यार्डाला जाते. तिथे गूळ बघणारी माणसं नाकाने बघतात. गुळाला धुराचा वास असला तर चालतो, तो चुलवाणाचाच असतो. डिझेलचा वास आला की सौद्यात बोली थांबते आणि सगळी यार्डभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून टाकीचं काहीतरी करणं भाग होतं. 'काहीतरी' म्हणजे टाकी न बदलता जे जे करता येईल ते.

आता टाकी सडली कशी, तेही सांगायला हवं, कारण टाकीची बदनामी फार झाली आहे. या गाड्यांची टाकी केबिनच्या मागे, चेसिसच्या कडेला टांगलेली असते. पुढचं चाक जे जे मागे भिरकावतं, ते ते टाकी अंगावर घेते. तिला दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं असतं आणि पट्टी पत्र्याला घासू नये म्हणून मध्ये रबर घातलेलं असतं. उसाच्या रानातला काळा चिखल त्या रबराखाली जातो आणि मग तो तिथून हलत नाही. बाहेरून टाकी धुवा, पुसा, दसऱ्याला हार घाला. पट्टीखाली ओल ती ओलच. गंज तिथे बसून निवांत आपलं काम करत असतो.

हे झालं बाहेरून. आतून गंजायचं तर टाकी रिकामी लागते, आणि ती सोय दाजींनी पहिल्यापासून करून ठेवली होती. डिझेल जिथवर असतं तिथवर पत्र्याला तेलाचं अंग असतं. वरच्या मोकळ्या जागेत नुसती हवा. रात्री गार पडलं की त्या हवेतलं पाणी पत्र्याला धरतं, ओघळून खाली येतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून थेट तळाला जाऊन बसतं. त्यात झाकण. मूळचं किल्लीचं झाकण किल्लीसकट कधीच गेलं. मग दुसऱ्या गाडीचं बसवलं, ते घट्ट बसेना आणि एका खड्ड्यात उडालं. त्यानंतरची व्यवस्था अशी: आधी सुती फडक्याचा बोळा, त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं रबर, दोन वेढे. पावसाळ्यात तो बोळा हौद्यावरून ओघळणारं पाणी शोषून घ्यायचा आणि सवडीने आत सोडायचा.

पहिला उपाय दाजींचे वडील, म्हणजे मामांनी सुचवला. "भोक वर हाय न्हवं? मग त्याच्या खालीच भरायचं." दाजी म्हणाले, "वर भरतंय कोण?" झालं, प्रश्न मिटला. टाकीला भोक असूनही टाकी गळत नव्हती, आणि गळत नसेल तर भोक आहे असं म्हणायचं कशावरून, इथपर्यंत दोघांचं एकमत झालं. पण गंजाला ही तडजोड मान्य नव्हती. पट्टीखालच्या रेघेने भोकं हळूहळू खाली उतरायला लागली आणि सातशे रुपयांची पातळी गाठली. मग पाचशे. तीनशेला दाजी जागे झाले.

साबण हा टाकीवरचा सार्वजनिक उपाय आहे. तो कुणी शिकवावा लागत नाही. गळणाऱ्या टाकीशेजारी कोणीही पुरुष पाच मिनिटं उभा राहिला की तो म्हणतोच, "साबण लावा." आणि खरंच लागू पडतो. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे बारीक भोकावर बार रगडला की तो भोकात जाऊन बसतो आणि धार थांबते. वाद फक्त कुठला साबण, यावर. अंगाचा मऊ पडतो, धरत नाही. भांड्याचा रवाळ. कपड्याचा बार उत्तम, तोही थोडा वापरलेला, कोरडा. असे वापरलेले कोरडे बार आक्काच्या न्हाणीत मिळतात. "धुणं आठवड्यातनं दोनदा आन् गाडी रोज," असं ती मला फोनवर सांगायची. या उपायात एकच खोट. साबण डिझेलला दाद देत नाही, पण पाण्याला देतो. वळवाच्या पहिल्या पावसात दाजी गूळ घेऊन यार्डाच्या रस्त्याला होते, तर गाडीच्या डाव्या अंगाला पांढराशुभ्र फेस आला आणि मागचा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. त्याला वाटलं दुधाचा कॅन सांडतोय.

मग एमसील. ते लावायचं तर पत्रा कोरडा आणि खरवडून स्वच्छ केलेला हवा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. खरवडायला गेलं की भोक मोठं व्हायचं, म्हणून खरवडणं टाळलं. आणि पत्रा कोरडा करायचा म्हणजे डिझेल काढायचं, ते कुठं काढत बसणार, म्हणून तेही टाळलं. राहिलं फक्त मळून लावणं. ते दाजींनी मन लावून केलं. काळी-पांढरी कांडी मळून त्याची थापटलेली टिकली पत्र्यावर दाबायची, वरून अंगठा फिरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती अख्खी टिकली अंगठ्याच्या ठशासकट वाटेत कुठंतरी पडलेली असायची. सील चिकटायचं बरोबर, पण गंजाला. गंज मात्र टाकीला सोडून यायचा.

शेवटी टाकी गॅस वेल्डिंगवाल्याकडे दाखवली. दाखवली म्हणजे गाडीच नेली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेला माणूस तो एकटाच.

"मोकळी हाय काय?" त्याने लांबूनच विचारलं.

"एकदम मोकळी," दाजी म्हणाले.

"मग आनी लांब घ्या."

लोकांना वाटतं भरलेली टाकी धोक्याची. जळते ती वाफ, आणि तिला हवेची जोड लागते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. मोकळ्या टाकीत दुसरं काही नसतंच. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, डिझेल त्या मानाने सोशिक. पण टाकीच्या कडांना चिकटलेल्या डिझेलवर गॅसची ज्योत फिरली की त्याचीही वाफ होते, आणि मग वेल्डिंगवाला एकीकडे आणि दुकानाचा पत्रा दुसरीकडे. म्हणून शहाणी माणसं टाकी आधी धुतात, मग भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरतात आणि त्यानंतरच डाग देतात. हे सगळं करायला तो तयार होता. त्याआधी पत्र्याचा अंदाज घ्यायला म्हणून त्याने छोट्या हातोडीने टाकीला नुसतं टिचवलं. हातोडी आत गेली. त्याने ती बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि विचारलं, "ह्यात पत्रा कुठाय? डाग काय रंगाला देऊ?"

पासिंग तोंडावर आलं होतं. गळक्या टाकीनिशी तिथे उभं राहणं म्हणजे साहेबांनी वाकून बघू नये म्हणून अंबाबाईला नवस बोलणं आलं. नवी टाकी घ्यायची ठरली. म्हणजे दाजींनी ठरवलं नाही. दुसरं काही ठरवण्यासारखं राहिलं नाही.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या मालकांनी विचारलं, "मॉडेल?"

"२००३."

"आधीचं का नंतरचं?"

"दिवाळीत घेतलीया," दाजी म्हणाले.

मालकांनी पोटमाळ्यावर आवाज दिला, वरून पोराने दोन प्रकारच्या टाक्या असल्याचं ओरडून सांगितलं, आणि आम्हाला कळलं की त्याच गाडीला, त्याच साली, दोन वेगळ्या टाक्या येत होत्या. एकीचं फ्लोटचं भोक मध्यावर, दुसरीचं कडेला. आपली कुठली? दाजींनी डोळे मिटले, हवेत हातांनी टाकी धरली, झाकणाचा बोळा कुठल्या हाताला येतो ते आठवलं आणि म्हणाले, "कडंची." आणि बरोबर निघाली! एवढा वेळ बोळा बांधण्यात घालवलेला माणूस चुकणार कसा. मग कंपनीची की लोकल, हा विषय निघाला. कंपनीची मागवावी लागणार होती. भंगारातली होती, पण तिला आधीपासून एक साबण लावलेला होता. लोकल तिथेच होती, काळीभोर, तेल लावलेली. मालकांनी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. दाजींनी केली. मलाही करायला लावली. तिघांनी आवाज ऐकून माना डोलावल्या. पत्र्याच्या आवाजावरून नेमकं काय ओळखायचं असतं ते तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे चिंचेचं झाड, एक जॅक, दोन घोड्या आणि बारक्या. बारक्या हे त्यांच्याकडे शिकायला असलेल्या पोराचं पद आहे. पोरं बदलतात, पद कायम राहतं. टाकी उतरवायच्या आधी डिझेल काढायचं. तळाचा बोल्ट फिरेना, म्हणून वरून पाइप घालून ओढलं. दाजींच्या हिशेबाने आत तीनशेचं होतं. मीटरच्या काट्याचं मत विचारायची सोय नव्हती, तो आमच्या आक्काच्या लग्नापासून निम्म्यावर उभा आहे. पण एक कॅन भरला तरी येतच राहिलं. दुसरा कॅन अर्धा झाला. दाजींचा चेहरा उजळला. कुणीतरी गुपचूप टाकीत पैसे टाकत असावं असे ते बघायला लागले. मिस्त्रींनी दुसरा कॅन थोडा वेळ स्थिर ठेवला, मग तिरपा करून दाखवला. वर बोटभर डिझेल तरंगत होतं. खाली सगळं पाणी.

"बोळ्यानं कमाई केली म्हणायची," मामा म्हणाले.

पट्ट्या सोडवताना मोठी गंमत झाली. मागच्या पट्टीच्या नटावर गळकं डिझेल सतत झिरपत होतं, तो पान्हा लावताच सुटला. पुढच्या पट्टीला गळती नव्हती, तिचा नट कोरडा, आणि तो काही केल्या हलेना. चौदाचा पान्हा लावला, पान्ह्यात पाइप घालून दोघांनी जोर दिला. नटाचे कोपरे गेले. गॅस कटर मागायचा प्रश्नच नव्हता. हॅक्सॉने कापायचं ठरलं आणि उरलेली दुपार त्या एका नटात गेली. बारक्या गाडीखाली उताणा पडून कापत होता, मी बॅटरी धरली होती, आणि दाजी बाहेर बसून एकच सांगत होते: ह्यो बी गळला असता तर बरं झालं असतं.

टाकी निघाली तेव्हा चेसिसच्या खोबणीत मिस्त्रींना एक पान्हा सापडला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, नंबर बघितला आणि तसाच खिशात टाकला. कुणी काही विचारलं नाही. मागच्या बारक्याची नोकरी त्या पान्ह्यापायी गेली होती, असं मला नंतर कळलं.

उतरवलेली टाकी बारक्याने उलटी धरून हलवली. आधी गंजाचे पापुद्रे पडले. मग बोळ्याचे अवशेष. मग खराट्याच्या काड्यांचे तुकडे निघायला लागले आणि थांबेनात. मीटर बंद असल्यामुळे दाजी काडी बुडवून डिझेल बघतात, हे मला माहीत होतं. काडी मोडली की ती आतच राहते, हे माहीत नव्हतं. सर्वांत शेवटी काळपट, बुळबुळीत असं काहीतरी बाहेर आलं आणि बारक्या दोन पावलं मागे सरला. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर बुरशी आणि जंतू वाढतात; पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. मी हे सांगितलं तर मामा कौतुकाने त्या लगद्याकडे बघत राहिले. "फुकट डिझेलवर जगलं म्हणा की," ते म्हणाले. निवडणुकीनंतर त्यांना बऱ्याच जणांबद्दल असं वाटत होतं.

नवी टाकी बसवणं हे त्या मानाने किरकोळ काम. जुन्या ट्यूबची पट्टी कापून पट्ट्यांखाली घातली. फ्लोटच्या तबकडीला पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं मुद्दाम सारख्या अंतरावर ठेवलेली नसतात, म्हणजे तबकडी एकाच बाजूने बसावी. बारक्याने ती उरलेल्या सगळ्या बाजूंनी बसवून बघितली. दोन पाइप जोडले, एक इंजिनकडे डिझेल नेणारा आणि एक जास्तीचं परत आणणारा. डिझेल इंजिन लागतं त्याहून जास्त ओढतं आणि उरलेलं टाकीत परत पाठवतं, हे दाजींना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. नेलेलं परत आणून देणारं गावात कुणीतरी आहे, हे ऐकून ते बराच वेळ गप्प झाले.

गाडी चालू होईना. एअर धरली होती. रिकाम्या पाइपात हवा अडकते आणि हवा दाबली जाते, डिझेल पुढे सरकत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय धार आली की स्क्रू आवळायचा. यात दाबणाऱ्याचा अंगठा जातो आणि बघणाऱ्यांना बोलायला भरपूर वेळ मिळतो. त्या वेळात मी सांगितलं की १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

दाजींनी दाबणं थांबवलं. "शेंगतेलाचा भाव बघिटलासा काय पाव्हणं?"

"तवा स्वस्त आसंल," मिस्त्री म्हणाले.

"तसं न्हवं," मामा म्हणाले. "त्यास्नी भजी म्हाईत नसंल."

पांढरा धूर सोडून गाडी सुरू झाली आणि दाजी एकदम ओरडले. आम्हाला वाटलं पुन्हा गळती. तर मीटरचा काटा हलला होता. निम्म्यावरून निघून तो खाली आला आणि जेवढं डिझेल होतं तेवढ्यावर येऊन थांबला. सगळ्यांनी केबिनमध्ये डोकी घालून बघितलं. मिस्त्रींना वाटलं मालक खूश होणार. पण गावाकडे परत येताना दाजींचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. प्रत्येक चढाला काटा किंचित खाली यायचा आणि ते मनात रुपये वजा करायचे. बंद काटा निदान निम्मं आहे असं म्हणायचा. हा काही धीरच देत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, डॅशबोर्डवरचा जोतिबाचा फोटो थोडा खाली सरकून बरोबर त्या काट्यावर आला होता. काडी मात्र सीटमागे शाबूत होती. नव्या टाकीला किल्लीचं झाकण आहे, ते उघडून दाजी काडी बुडवतात, पुन्हा लावतात आणि किल्ली आक्काकडे देतात.

जुनी टाकी न्यायला भंगारवाला आला. त्याने ती उचलून बघितली, फिरवली, नखाने जागोजागी उकरलं आणि काट्याला अडकवली. वजन बोलून झाल्यावर म्हणाला, "दीड किलो कापनार."

"कशाचं?"

"साबन हाय, एमसील हाय. ते काय लोखंडाच्या भावात घ्यायचं व्हय?"

दाजी म्हणाले, मग साबण काढून द्या आणि टाकी न्या. भंगारवाला म्हणाला, साबण काढला तर टाकी हातात राहणार नाही. घासाघीस चालू असताना आक्का न्हाणीतून बाहेर आली, तिने टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "साबणाचं काय ते पैसं माझ्याकडं द्यायचं. मी आणलेलो."